हेइन्सातल्या पाट्या: आधी लाकूड वाचा, मग मजकूर

कोरियाच्या त्रिपिटकाबद्दल, म्हणजे छपाईसाठी लाकडी पाट्यांवर चिनी अक्षरांत उलट्या कोरलेल्या बौद्ध ग्रंथसंग्रहाबद्दल, नेटवर जे सापडतं त्यातलं बरंचसं पर्यटनाच्या माहितीपत्रकांतून उचललेलं असतं. ऐंशी हजार पाट्या, पाच कोटी अक्षरं, एकही चूक नाही! पहिल्या दोन गोष्टी ढोबळमानाने खऱ्या आहेत. तिसरी खोटी आहे, आणि अभ्यासाला खरी चव त्या खोटेपणातूनच येते. चुका झाल्या, त्या कुणीतरी शोधल्या, दुरुस्त केल्या, आणि दुरुस्तीच्या खुणा लाकडात आजही दिसतात. या पाट्यांकडे 'चमत्कार' म्हणून पाहिलं की त्या खुणांकडे लक्षच जात नाही.

आधी ठावठिकाणा. दक्षिण कोरियात दक्षिण ग्योंगसांग प्रांतातल्या हाप्छन तालुक्यात गायासान नावाचा डोंगर आहे. तिथे इ.स. ८०२ मध्ये स्थापन झालेला हेइन्सा हा मठ आहे. 'हेइन' म्हणजे सागरमुद्रा, अवतंसक सूत्राच्या परंपरेतल्या एका समाधीचं नाव. मठाच्या सर्वांत वरच्या टप्प्यावर पाट्यांची कोठारं आहेत. कोरियन लोक या संग्रहाला 'फालमान देजांगग्योंग' म्हणतात. फालमान म्हणजे ऐंशी हजार आणि देजांगग्योंग म्हणजे सूत्रांचं महाभांडार.

सगळीकडे दिसणारा ८१,२५८ हा आकडा १९१५ च्या मोजणीचा आहे. अलीकडच्या तपासणीत तो ८१,३५० च्या आसपास गेला. ही कुणाची लबाडी नव्हे. झिजलेल्या किंवा हरवलेल्या पाटीच्या जागी जोसॉन घराण्याच्या काळात किंवा त्यानंतर नवी कोरली गेली आणि कधीकधी जुनीही शिल्लक राहिली. मग एकाच मजकुराच्या दोन पाट्या एक धरायच्या की दोन, यावर आकडा ठरतो. ग्रंथसंख्येचंही तसंच. १,४९६ लिहिलेलं दिसेल, १,५१४ ही दिसेल. निबंधात आकडा देताना तो कोणत्या मोजणीचा हे लिहावं, एवढं पथ्य पुरे. आणखी एक घोळ नेहमी होतो. मुख्य कोठारांच्या पूर्व-पश्चिमेला दोन छोट्या इमारती आहेत. त्यांत मठाच्या आणि खाजगी छपाईच्या, गोर्यो काळातल्या (जोसॉनच्या आधीचं कोरियन घराणं) पाट्या आहेत. त्या राजाज्ञेने कोरलेल्या त्रिपिटकात मोडत नाहीत. दोन्ही एकत्र करून लिहिलेला लेख दिसला की लेखकाने यादी उघडून पाहिलेली नाही, हे ओळखावं.

आता पाटी. उंची सुमारे २४ सेंटीमीटर, लांबी साधारण ७०, जाडी अडीच ते चार, वजन तीन-चार किलो. दोन्ही बाजूंना कोरीव मजकूर. एका बाजूला २३ ओळी, ओळीत १४ अक्षरं, म्हणजे बाजूला ३२२ आणि पाटीला ६४४. काही ग्रंथांत हा हिशोब बदलतो, पण बहुतांश संग्रह याच मापाचा आहे. हे माप गोर्योवाल्यांनी स्वतः ठरवलेलं नाही. चीनमध्ये सोंग दरबाराने ९७१ ते ९८३ या काळात छंगदूमध्ये कोरून घेतलेल्या पहिल्या छापील त्रिपिटकाचं ते माप आहे आणि कोरियात ते तसंच उतरलं.

पाटीच्या दोन्ही टोकांना लाकडाचे आडवे दांडे बसवलेले असतात. त्यांना 'मागुरी' म्हणतात. वाचक नजर मजकुरावर ठेवतो आणि मागुरीकडे दुर्लक्ष करतो, पण पाटी टिकली त्यात मोठा वाटा मागुरीचा आहे. फळीच्या लाकडाचे तंतू आडवे धावतात, मागुरीचे त्यांना काटकोनात. फळी वाकायला गेली की मागुरी तिला धरून ठेवते. शिवाय मागुरी फळीपेक्षा जाड असते. त्यामुळे पाट्या शेजारीशेजारी उभ्या केल्या तरी कोरलेले भाग एकमेकांना टेकत नाहीत आणि मधून हवा फिरायला फट राहते. चारही कोपऱ्यांवर तांब्याचे पत्रे ठोकून हा सांधा घट्ट केलेला असतो. सांधा ढिला झाला की पाटी पन्हळीसारखी वळते. वळलेल्या पाटीवर कागद सपाट बसत नाही, मधली अक्षरं फिकी उठतात आणि कडेची बरबटतात. मागुरीवर ग्रंथाचं नाव, खंड आणि क्रमांकही कोरलेला असतो, पुस्तकाच्या पाठीवर असतो तसा.

लाकडाबद्दल पिढ्यानपिढ्या सांगितलं गेलं की ते बर्चचं आहे. सूक्ष्मदर्शकाखाली नमुने पाहिल्यावर हे खोटं ठरलं. बहुसंख्य पाट्या डोंगरी चेरीच्या निघाल्या, त्याखालोखाल रानटी नासपतीच्या. कारण कळलं की निवड पटते. ओकसारख्या लाकडात मोठी छिद्रं वर्षाच्या वलयात एका पट्ट्यात गोळा होतात. छिन्नी त्या पट्ट्यात आली की भसकन आत जाते आणि अक्षराचा कोपरा तुटतो. चेरी आणि नासपतीत छिद्रं बारीक असतात आणि सगळीकडे सारखी विखुरलेली, त्यामुळे पाते कुठल्याही दिशेने एकाच जोराने चालतं. दीड सेंटीमीटरच्या अक्षरात दहा-पंधरा रेघा बसवायच्या तर हे हवंच. बर्च मुळात थंड उत्तरेकडचं झाड. कोरणाऱ्यांनी ते एवढ्या संख्येने आणलं कुठून, हा प्रश्न आधीच पडायला हवा होता.

फळी तयार करण्याची रीत परंपरेने अशी सांगितली जाते: ओंडके समुद्राच्या पाण्यात दीर्घकाळ, सांगणारे तीन वर्षं म्हणतात, बुडवून ठेवायचे. मग फळ्या पाडायच्या, मिठाच्या पाण्यात उकळायच्या, वारा लागेल अशा सावलीत वाळवायच्या आणि शेवटी रंधा मारायचा. 'तीन वर्षं' हा आकडा फार मनावर घेऊ नये. पण कृतीमागचा विचार पक्का आहे. ओलं लाकूड बाहेरून लवकर वाळतं आणि आतून सावकाश, त्या ओढाताणीत ते तडकतं. उकळल्याने आतला रस निघतो, किड्यांची अंडी मरतात आणि ओल सगळीकडे सारखी होते. पृष्ठभागावरचं मीठ ओल धरून ठेवतं, म्हणून बाहेरची बाजू आतल्याच्या पुढे धावत नाही.

पुढचं काम लेखनिकाचं. पातळ कागदावर मजकूर लिहायचा, तोही सगळ्यांनी एकाच वळणात. हे वळण चीनच्या थांग काळातल्या ओयांग श्युन या सुलेखनकाराच्या शैलीचं आहे. असंख्य हात लागूनही अक्षर एकसारखं दिसतं ते या शिस्तीमुळे. मग कागद खळ लावून फळीवर पालथा चिकटवायचा, वर तेल फिरवायचं म्हणजे उलटं अक्षर आरपार दिसतं, आणि अक्षराभोवतीचं लाकूड काढत जायचं. सगळं झालं की चाचणीचा छाप घ्यायचा आणि मूळ प्रतीशी ताडून पाहायचा.

चूक सापडली तर? उठावाच्या कामात एकदा काढलेलं लाकूड परत येत नाही. चुकलेल्या अक्षराच्या जागी चौकोनी खड्डा करायचा, त्यात नेमका बसेल असा तुकडा ठोकायचा आणि त्यावर बरोबर अक्षर कोरायचं. कधी हा तुकडा एका अक्षराचा असतो, कधी अख्ख्या ओळीची पट्टी. छापील प्रतीच्या छायाचित्रात ही ठिगळं ओळखता येतात. अक्षर ओळीतून केसभर सरकलेलं असतं, शाई शेजारच्यांपेक्षा गडद किंवा फिकी लागते, चौकोनाची कड अस्पष्ट उमटते. मूळ चौदाच्या ओळीत पंधरा किंवा तेरा अक्षरं दाबून बसवलेली दिसली तर तिथे हमखास शब्द वाढवलेला किंवा गाळलेला असतो. मजकुराचा इतिहास शोधणाऱ्याने सुरुवात या ठिगळांपासून करावी. शेवटी पाटीवर शाईचा आणि लॅकरचा थर चढतो, म्हणून आज पाट्या काळ्या दिसतात.

हे सगळं कोणत्या काळात चाललं होतं, ते थोडक्यात. गोर्योचं पहिलं त्रिपिटक १०११ मध्ये, उत्तरेकडून आलेल्या खितानांच्या स्वारीच्या काळात ह्योनजोंग राजाच्या कारकिर्दीत सुरू झालं. ते आजच्या देगूजवळच्या बुइन्सा मठात होतं आणि १२३२ मध्ये मंगोल स्वारीत जळालं. त्याच वर्षी दरबार गांगह्वा बेटावर हलला होता. सत्ता छे ऊ या लष्करशहाच्या हातात होती. दुसऱ्या खेपेच्या कोरणीसाठी 'देजांग दोगाम' नावाचं खास कार्यालय उघडलं गेलं. १२३७ मध्ये यी ग्यु-बो या विद्वान अधिकाऱ्याने राजा आणि दरबाऱ्यांच्या वतीने लिहिलेली प्रार्थना उपलब्ध आहे. तिचा सूर सरळ आहे: पूर्वी खितान परतले होते, आता मंगोल परतोत. सैन्य पाठवायचं सोडून लाकूड कोरत बसले अशी टीका आजचा वाचक पटकन करतो. पण लष्करशहाच्या राजवटीला भिक्षू, जमीनदार आणि कारागीर एका कामाला जुंपायचे होते. या पाट्यांनी तेही साधलं.

काम १२३६ ते १२५१ असं सोळा वर्षं चाललं, हे 'गोर्योसा' या राज्येतिहासातल्या नोंदीवरून येतं. राजाने १२५१ मध्ये पाट्यांच्या दालनात जाऊन समारंभ केला त्या नोंदीत सोळा वर्षं म्हटलंय. पण ग्रंथांच्या शेवटी कोरलेली वर्षं पाहिली तर मुख्य कोरणी १२३७ ते १२४८ या बारा वर्षांत आटोपलेली दिसते. त्यातही जोर १२४३-४४ च्या सुमाराला. एक माणूस दिवसाला चाळीस अक्षरं कोरतो असं धरलं तर सव्वापाच कोटी अक्षरांना तेरा लाख माणूस-दिवस लागतात. बारा वर्षांत एकही सुट्टी न घेता रोज तीनशे कोरणारे. लाकूडतोडे, वाहणारे, लेखनिक, तपासनीस वेगळे. सोळाने भागलं तर आकडा सव्वादोनशेवर येतो. कालावधीचा आकडा डोळे झाकून उचलला की श्रमाचं गणितही चुकतं, ते असं.

ग्रंथाच्या शेवटी वर्ष सांगणारी ही ओळ वाचायला शिकणं सोपं आहे आणि मराठी वाचकाला तर जास्तच. तिचा साचा ठरलेला: 'अमुक वर्षी गोर्यो देशाच्या देजांग दोगामने राजाज्ञेने कोरलं.' वर्ष साठ वर्षांच्या चक्रातल्या नावाने दिलेलं असतं, आपल्या प्रभव ते क्षय या संवत्सरांसारखंच. इसवी सनातून ४ वजा करा आणि ६० ने भागा. बाकी शून्य आली तर ते चक्राचं पहिलं वर्ष. १२३७ मधून ४ गेले १२३३, बाकी ३३, म्हणजे चौतिसावं वर्ष, 'जॉंगयु'. आपलं चक्रही साठाचंच असल्याने जोडी कायम राहते. जॉंगयु वर्षी आपल्याकडे हेमलंबी संवत्सर असतं. २०१७ मध्येही तीच जोडी होती, शके १९३९ चं पंचांग काढून बघा. फक्त वर्षाची सुरुवात दोन्हीकडे नेमकी एका दिवशी होत नाही, हे लक्षात ठेवावं.

याच ओळीत कधी 'बुनसा देजांग दोगाम' म्हणजे शाखा कार्यालय असं येतं. 'जोंगग्योंगनोक' या ग्रंथाच्या एका खंडाखाली जॉंगमी वर्ष, म्हणजे १२४७, आणि नामहे हे दक्षिणेकडच्या बेटाचं नाव आहे. पाट्या फक्त गांगह्वात कोरल्या की नामहेतही, या वादाचा मोठा भार या छोट्या ओळीवर आहे.

मजकुराची जबाबदारी सुगी नावाच्या भिक्षूकडे होती आणि या साऱ्या प्रकल्पातला सर्वांत महत्त्वाचा माणूस तोच. लष्करशहांची नावं पुस्तकांत ठळक छापतात, सुगी तळटिपेत जातो. त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी तीन आवृत्त्या समोर ठेवल्या: गुकबॉन म्हणजे देशी, जुन्या गोर्यो पाट्यांचा छाप, सोंगबॉन म्हणजे चीनची सोंग आवृत्ती, आणि दानबॉन, म्हणजे खितानांची आवृत्ती. कुठे सोंगमध्ये पानं उलटसुलट झालेली, कुठे एका ग्रंथाच्या नावाखाली दुसऱ्याचाच मजकूर, कुठे परिच्छेद गळालेला. प्रत्येक निर्णय कारणासह लिहून त्याने तीस खंडांची नोंदवही केली आणि तीही पाट्यांवर कोरली गेली. खितान आवृत्ती पुढे जवळपास पूर्ण नाहीशी झाली. १९७४ मध्ये चीनच्या शान्शी प्रांतातल्या यिंग गावच्या लाकडी पॅगोडात तिचे काही पट सापडेपर्यंत ती कशी होती हे कळायचा मोठा आधार म्हणजे सुगीची वही.

सुगीने मजकूर तपासला तरी बऱ्याच पाट्या जुन्या छापील पानावरूनच कोरल्या गेल्या. जुनं पान थेट फळीवर चिकटवलं की त्यातल्या खोडीही लाकडात उतरतात. सोंग घराण्यातल्या पूर्वजाच्या नावातलं 'आदर' या अर्थाचं अक्षर पूर्ण लिहायचं नाही, एक रेघ सोडायची, असा चिनी दरबारी संकेत होता. ती सुटलेली रेघ गोर्योच्या पाट्यांवरही दिसते. कोरियाच्या राजाला त्या पूर्वजाशी काही देणंघेणं नव्हतं. रेघ केवळ नकलेमुळे आली, आणि त्यामुळेच ती पाटी कोणत्या पानावरून उतरली हे सांगता येतं.

पाट्या १३९८ मध्ये गांगह्वाच्या सॉनवॉन्सा मठातून राजधानीला आल्या आणि पुढे हेइन्सात पोचल्या. तीन-साडेतीन किलोच्या हिशोबाने एकूण ओझं पावणेतीनशे टनांच्या आसपास भरतं. आजची कोठारं मुख्यतः १४८८ ची, पुढे १६२२ आणि १६२४ मध्ये दुरुस्त केलेली. दोन लांबट इमारती समांतर आहेत, प्रत्येकी साठ मीटर लांब, नऊ मीटरही रुंद नाहीत. पुढची सुदाराजांग, मागची बॉपबोजॉन. 'सुदारा' हा आपला 'सूत्र' शब्दच आहे, चिनी अक्षरांतून कोरियन उच्चारात गेलेला. बॉपबो म्हणजे धर्मरत्न.

भिंतींत खिडक्यांच्या दोन रांगा आहेत, वर आणि खाली. दारं-काचा नाहीत, फक्त लाकडी गज. दक्षिणेच्या भिंतीत खालच्या खिडक्या मोठ्या आणि वरच्या लहान, उत्तरेच्या भिंतीत उलट. दरीकडून येणारी हवा खालून शिरते, मांडण्यांतून वर चढते आणि मागच्या वरच्या खिडक्यांतून निघून जाते. पाट्यांमधल्या मागुरीच्या फटी तिथे धुराड्यासारखं काम करतात. जमीन फरशीची नाही. कोळसा, मीठ, चुना, वाळू आणि माती यांची ती ठोकलेली भुई आहे. जून-जुलैच्या पावसात ती ओल शोषते आणि कोरड्या हिवाळ्यात सोडते. नुसत्या खिडक्यांचं कौतुक करणारे लेख पुष्कळ आहेत. पण जागेचा उतार, खिडक्या, भुई, मांडणी आणि मागुरी यांपैकी एक काढलं तरी बाकीचं अर्धवट राहतं. याचा दाखला १९७० च्या दशकात मिळाला. आधुनिक काँक्रीटचं नवं कोठार बांधलं गेलं, चाचणीला थोड्या पाट्या तिथे नेल्या, दमट हवा आत साचू लागली, आणि पाट्या जुन्या जागी परत आल्या. १९९५ मध्ये या इमारती जागतिक वारशात आल्या, २००७ मध्ये पाट्या युनेस्कोच्या 'जगाची स्मृती' यादीत.

हवामान सांभाळलं तरी छपाईने पाट्या झिजतातच. काजळी आणि सरसाची शाई लावायची, तुतीच्या सालीचा कागद ठेवायचा, मेण लावलेल्या केसांच्या गुंडीने वरून घासायचं. छपाईनंतर पाटी नीट पुसली नाही की शाई रेघांच्या बेचक्यांत घट्ट होते आणि पुढच्या छापात अक्षर भरून येतं. सेजो राजाने १४५८ मध्ये पन्नास संच छापून घेतले. एका संचाला सुमारे एक लाख साठ हजार ताव धरले तर ऐंशी लाख ताव झाले. प्रत्येक बाजूवर एकाच मोहिमेत पन्नासदा घासणी.

संदर्भ द्यायची पद्धत शेवटी सांगतो, कारण तिथेच विद्यार्थी घसरतात. संग्रह ६३९ 'हाम' म्हणजे पेट्यांत विभागलेला आहे. पेट्यांना आकडे नाहीत, 'छनजामुन' या हजार अक्षरांच्या बालपाठातली अक्षरं क्रमाने दिली आहेत. पहिलं अक्षर 'आकाश', दुसरं 'पृथ्वी'. पहिला ग्रंथ म्हणजे श्वान झांगने (आपल्याकडे ह्युएन त्संग) भाषांतरित केलेलं सहाशे खंडांचं महाप्रज्ञापारमिता सूत्र. दहा खंडांना एक पेटी, म्हणून पहिली साठ अक्षरं त्यातच संपतात. प्रत्येक पाटीच्या कडेला बारीक अक्षरांत ग्रंथाचं आखूड नाव, खंड, ताव क्रमांक आणि पेटीचं अक्षर असतं. पूर्ण पत्ता तोच. आधुनिक यादीत ग्रंथांना 'के' क्रमांक आहेत: महाप्रज्ञापारमिता के १, वज्रच्छेदिका के १३, प्रज्ञापारमिता हृदय के २०. जपानी तायशो आवृत्तीचे 'टी' क्रमांक वेगळे, तिथे हृदयसूत्र २५१ वं आहे.

तायशो (१९२४-३४) गोर्यो आवृत्तीवर उभी आहे म्हणून तिलाच 'गोर्यो पाठ' म्हणून उद्धृत करायची सवय सार्वत्रिक आहे. ती सोडावी. तायशोवाल्यांनी तोक्योच्या झोजोजी मठातली छापील प्रत वापरली, छपाईचे खिळे (सुटी अक्षरं) जुळवताना नव्या चुका आल्या, आणि विरामचिन्हं संपादकांनी घातली. डिजिटल मजकुरात तर वेगवेगळ्या रूपांची अक्षरं प्रमाण रूपात बदललेली असतात. एखाद्या अक्षरावर युक्तिवाद उभा असेल तर पाटीच्या छापाचं छायाचित्र पाहिल्याशिवाय लिहू नये.

सरावाला ग्रंथ हवा असेल तर श्वान झांगचा बारा खंडांचा प्रवासवृत्तांत घ्या. तोही या संग्रहात आहे. अकराव्या खंडात मोहोलाछा, म्हणजे महाराष्ट्र. पुलकेशीचं नाव, उपकार न विसरणारी आणि अपमानाचा सूड आधी कळवून घेणारी माणसं, लढाईआधी दारू पाजलेले हत्ती, पूर्वेच्या डोंगरात अचल नावाच्या अर्हताने उभारलेला विहार. तो अजिंठा असावा असं अभ्यासक मानतात, आणि अजिंठ्याच्या २६ व्या लेण्यातल्या शिलालेखात स्थविर अचलाचं नाव आहेच. खंडाची पहिली पाटी शोधा, कडेचं पेटीचं अक्षर टिपून घ्या आणि चौदा-चौदाच्या ओळी मोजत मोहोलाछापर्यंत या.